आमच्या टेबलावर नाही

३ फेब्रुवारी
मी हो म्हणाले! वायरमनला! दुसऱ्यांदा नवरी! हॉटेलच्या धुलाईखान्यात माझीच इस्त्री सारखी का बिघडते, हे मॅनेजरला अजून कळलेलं नाही. बिचारा!
पहिला नवरा तापाने गेला. सासूने पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढलं. आज त्याच पायांनी नाचत घरी आले. धाकटी म्हणाली, "ताई, तोंड मिट, माशी जाईल!"

९ फेब्रुवारी
दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या, एचआयव्हीबद्दल सांगायला. "हा बायकांना होतो कसा?" विचारलं त्यांनी. धुलाईखान्यात आम्हा बायकांची जेवायची चार टेबलं — डोंगराकडच्या, किनाऱ्याकडच्या, सीमेपलीकडून आलेल्या आणि आम्ही. भाषा वेगळ्या, डबे वेगळे. उत्तर मात्र एकच: "तो त्या टेबलावरच्यांना होतो!"
मग खेळ. प्रत्येकीला पेलाभर पाणी. खोलीभर फिरायचं, थोडं तिचं आपल्यात, थोडं आपलं तिच्यात. पण फिरतंय कोण! जी ती आपल्याच टेबलाशी. मी तर फक्त शेजारच्या आक्कांशी, तेही एकदाच — अगदी पतिव्रता! शेवटी नर्सबाईंनी प्रत्येक पेल्यात कसलासा थेंब टाकला. गुलाबी झालं म्हणजे लागण, म्हणाल्या. चारही टेबलांवर पाणी गुलाबी! माझंही! त्यांनी आधीच प्रत्येक टेबलावरच्या एका पेल्यात धुण्याचा सोडा घातला होता. हसून हसून पोट दुखलं.
"अहो, मी घरंदाज बाई!" आक्का ओरडल्या.
"माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी घरंदाजच असतात. घरातूनच घेऊन येतात," नर्सबाई म्हणाल्या.
मग किनाऱ्याकडची एक हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीला नवऱ्याकडूनच." डोंगराकडची म्हणाली, "आमच्या गावात डॉक्टर एकच सुई सगळ्यांना टोचायचा." आम्ही कधी नव्हे ते एकमेकींचं ऐकलं.

१० फेब्रुवारी
वायरमनला तपासून घ्यायला सांगू? सांगू की नको? जीभच रेटत नाही!

१२ फेब्रुवारी
सांगितलं. चिडला. "माझ्यावर संशय?" म्हणाला नि निघून गेला. मुद्दाम इस्त्री बिघडवली, तर दुसऱ्याच माणसाला पाठवलं! संडासात जाऊन रडले. मोडतंय की काय लग्न? पण मागे नाही घेणार. पहिल्या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

१५ फेब्रुवारी
आला! आला! फाटकाशी उभा. "चल, पण तूही तपासणी करायची." "करीन की, त्यात काय!" दवाखान्यात सुई बघून हाच पांढराफटक — मलाच धरून बसावं लागलं. मी आपली सहलीला निघाल्यासारखी, केसांत नवी क्लिप लावून! मला कसली भीती? निकाल परवा. पुढच्या रविवारी साडी घ्यायची. पिवळी की जांभळी?

१७ फेब्रुवारी
त्याला नाही. मला आहे.
नर्सबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पहिले यजमान कशाने गेले?" तापाने, म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. गोळ्या रोज घेतल्या की नीट जगता येतं, संसार होतो, मुलंही होतात, म्हणाल्या. ऐकलं सगळं. लिहितेय, दवाखान्याच्या संडासात कडी लावून. तो दाराबाहेर उभा आहे, "पास झालो बरं का!" म्हणून हसतोय. माझं त्याला अजून माहीत नाही. मला दार उघडायचंय.