न वाकणाऱ्या फळ्या

२ डिसें., धारूर
वही उशाला घेऊन झोपतो अन् लिहायचं उद्यावर ढकलतो. दिवाळीपासून कोरीच. आज डोकं फिरलंय म्हणून बसलो. मोठ्यानं शिव्या दिल्या तर आय चिमटा फेकून मारती.
या स्की! मागच्या हिवाळ्यात स्की शिकवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली मनालीकडं सामान उचलायचो, तिथं मऊ स्कीवर शिकलो. निघताना त्यानं आपली जुनी ताठ जोडी दिली. "गावात गवतावर सराव कर. यांच्यावर वळता आलं तर मास्तर म्हणून ठेवतो. न्हाई तर बॅगा उचल." मऊवाल्या पाय फिरवला की वळायच्या. या मेल्या रुळासारख्या सरळ जातात.
दादाचं येगळंच. दिवाळी झाली की तो अन् वहिनी मेंढरं घेऊन गोदाकाठाला जातात. औंदा माझी पाळी होती. म्हणला, "एवढा हिवाळा दिला तुला. न्हाई जमलं तर परत बर्फाचं नाव काढू नको, मेंढरामागं चाल."

४ डिसें.
किल्ल्याखालच्या उतारावर गवत कमी, दगडच जास्त. म्हणून घसरायला उसाचं पाचट, वाळका पाला, आणायला माजलगावला गेलो. दाजी तिकडंच ऊसतोडीवर हाय. पण वाटंत धरण लागलं. पाणी बघत बसलो, मग एकानं मासे भाजले... पाचट राहिलं. स्वतःचाच राग येतो.

७ डिसें.
पाचट आलं, उतारावर पसरलं. पडलो. परत पडलो. नडगी बुटाला दाबून धर म्हणायचा उस्ताद. दाबली, तरी फळी वाकंना. हिला वजन पायजे, वेग पायजे, अन् थांबायची अक्कल पायजे. मला थांबायचंच तर जमत न्हाई.
खालून शेजारचा अज्या ओरडला, "बिऱ्या, कुळवाला बैल न्हाई मिळाला का बे?" सगळे खिदळले. दगड उचलला होता. परत खाली टाकला.

९ डिसें.
आज कोणाचा तरी जीव घेतला असता.
दाजी सुट्टीवर घरी आलाय. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात कोयत्याची कानस घेऊन बसला अन् स्कीच्या पोलादी कडा दोन्हीकडून घासल्या. ऊसतोडीवाला माणूस, बोथट काही दिसलं की हात शिवशिवतो. वर कौतुकानं, "बघा पाव्हणं, केस तुटतोय!"
अहो, कड काटकोनात लागती! कोयता न्हाई तो!
तरी रागारागात चढलो. पहिल्याच वळणाला डावी फळी पाचट कापून मुरमात रुतली अन् मी पुढं फेकला गेलो. कोपर सोललं, हनुवटी फुटली. दाजीला नको ते बोललो. "ऊस तोडा तुमी, माझं नशीब काहून तोडता?" त्यानं कानस पिशवीत ठेवली. ताईनं ताट आदळून वाढलं.

१० डिसें.
कडा सपाट करतोय. दाजीच फळी धरून बसला होता. बोलायला पायजे होतं.
कानस लई हळू चालती.

१२ डिसें.
उजवीकडं वळालो!! पाय फिरवला न्हाई. नुसता कलंडलो, नडगी दाबली अन् काहीच केलं न्हाई. खालून फळी वाकल्यासारखी वाटली, मग तिनंच मला आणलं वळवून. पाचटात दोन बारीक रेघा, कुठं खरडलेलं न्हाई.
अज्या बघत होता. रेघा बघायला खाली वाकला हरामखोर.
डावी बाजू अजून मरती. इतक्या दिवसांत एकच बाजू! उस्ताद एका बाजूचा मास्तर ठेवतो का?

१३ डिसें.
परवा परळीहून गाडी. स्की गोधडीत गुंडाळल्या. आय म्हणती शेंगदाण्याची चटणी ने, मी म्हणलो जागा न्हाई, भांडण. आता डबा गोधडीतच बांधलाय तिनं. तेल गळलं तर...

बाहेर कुत्रं भुंकतंय. आपलंच, दादासंगं गेलतं ते. अन् घंट्या.

गोदाकाठाची मेंढरं डिसेंबरात कशी परत येतील? पावसाळ्याशिवाय येत न्हाईत ती.

पूर्ण कळप दारात हाय. वहिनी एकटीच. दादाची काठी तिच्या हातात, दादा न्हाई. आय दारात उभी. मी विचारलं दादा कुठं. वहिनीनं काठी माझ्या हातात दिली अन् माझ्याकडं न बघता म्हणली, "भाऊजी, आधी मेंढरं कोंडा."