थट्टेचा रकाना

प्रिय धाकटे,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. शाळेत तुला शिक्षा म्हणून मिळालेली शंभर वाक्यं मीच लिहून द्यायचे आणि बाई तुझं अक्षर बिघडलं म्हणून तुलाच ओरडायच्या, आठवतंय? तेच अक्षर आहे, सांभाळून घे.

आमच्या आरोग्य खात्यात सध्या डोकं वर काढायला फुरसत नाही. मूल होण्याच्या उपचारांचा खर्च सरकार देणार, पण बाईचं वय चाळिशीच्या आत हवं, हे जाहीर झाल्यापासून खात्याच्या इंटरनेटवरच्या पानावर लोक तुटून पडलेत. कुणी हात जोडतंय, कुणी शिव्या घालतंय, एकीने गेलेल्या बाळाचं नुसतं नाव लिहिलंय. ते वाचायचं आणि रकान्यात टाकायचं, हे माझं काम. आनंद, राग, दुःख, थट्टा. हसरे चेहरे दिसले की थट्टा, असा नियम. बाकीचं साहेबांच्या अहवालात जातं, थट्टा तिथेच राहते.

तू म्हणाली होतीस, ताई, तू तिथेच बसतेस, एका वर्षाने काय बिघडतंय, सांग ना कुणाला तरी. मी गेले होते गं साहेबांकडे. मॅडम, कुठेतरी रेघ मारावीच लागते, म्हणाले. माणूस वाईट नाही, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तुझे दोन उपचार फसलेत, आता तिसऱ्याची ऐपत नाही, हे मात्र माझ्या तोंडून निघालंच नाही. पाणी पिऊन बाहेर आले.

मंगळवारी तुझी कमेंट समोर आली. नाव खोटं होतं. ‘गेल्या गुरुवारी मला एक्केचाळीस पूर्ण झाली. गर्भाशयाला अजून सांगितलेलं नाही, कृपया तुम्हीही सांगू नका.’ पुढे तीन हसरे चेहरे. रडू आलं की असलं काहीतरी बोलणारी मला एकच माहीत आहे. ती दुःखात टाकायला गेले, तर आमचे रकाने तपासणारी बाई मागेच उभी. नियम काय आहे, म्हणाली. मी थट्टेत टाकली.

काल रात्री तू विचारलंस, माझं लिहिलेलं वर पोचलं का गं? मी हो म्हणाले. ते खोटं नव्हतं. दुपारी चहाला साहेब आमच्यात येऊन बसले, तेव्हा एकाने आठवड्यातली सगळ्यात भारी कमेंट म्हणून तीच मोठ्याने वाचली. साहेबांना हसू आवरेना. खोली नुसती दणाणली. तपासणारी बाई माझ्याकडे बघत होती. आणि धाकटे, मीही हसले.

तुझीच,
ताई