समोर कापायची पट्टी

काका, तुम्हांला जाऊन कैक वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलेय. जिवंत होतात तेव्हा नारपोलीच्या तुमच्या खोलीवर एकदाही फिरकले नाही. तोंड कुठलं दाखवणार होते!

सत्तरच्या दशकात भिवंडीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात मी फार्मसीचा डिप्लोमा घेऊन आले, तेव्हा जरा हवेतच होते. तुम्ही अनुभवावर कंपाउंडर झालेले. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीनं खाचा पाडायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. मोठ्यांना चार, पोरांना आठ. तुमचा हट्ट असा, की पट्टी पेशंटसमोरच कापायची आणि पहिल्या खाचेवर त्याला अंगठा ठेवायला लावायचा. "यहाँ तक पीना. अब तुम बोलके दिखाव." लूमवरची शिफ्ट संपवून आलेली माणसं रांगेत ताटकळतायत आणि तुमचं आपलं निवांत चाललंय. मी चिडायचे. "काका, अशानं संध्याकाळ होईल!" "होऊ दे की. बाटली घरी गेल्यावर तिथं आपण नसतो, बाई."

एका सोमवारी मी शहाणीनं पट्ट्या घरूनच कापून आणल्या. तुम्ही आत मिक्श्चर ढवळत होतात. मी भराभर बाटल्या देत सुटले, आणि वडप्याहून आलेल्या एका बाईच्या पोराच्या खोकल्याच्या औषधाला मोठ्यांची पट्टी लावली. पोराला दुप्पट डोस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला उराशी धरून धावत आली. "बाय, माजं पोर डोलं उघडत न्हाय!" डॉक्टर दुपारपर्यंत त्याच्यापाशी बसून होते. अखेर ते रडलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दवाखान्याच्या कमिटीच्या लोकांनी ती बाटली टेबलावर ठेवली. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, थांबलात. मी फरशीकडे बघत राहिले. मग तुम्ही म्हणालात, "पट्टी मी लावली. नजर दगा देते हल्ली." त्यांनी तुम्हांला घरी बसवलं. जाताना कात्री माझ्या हातात दिलीत. "आता तरी समोर काप," एवढंच.

कापली, काका. पुढे पट्ट्या बंद होईपर्यंत समोरच कापली. पण नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगायचे, आणि त्यात म्हणायचे, "आमच्याकडे एक म्हातारे कंपाउंडर होते, फार घाई करायचे." घाई करणारे तुम्ही! जीभ कशी झडली नाही माझी?

इथवर लिहून पत्र तुमच्या मुलाला द्यायला गेले. तो अजून नारपोलीतच राहतो. चहा देताना म्हणाला, "बाबांनी त्या पोराचं फार मनाला लावून घेतलं हो. नजरच गेली होती त्यांची." मी म्हणाले, "हो ना, वय झालं होतं." आणि पत्र तसंच पर्समधून परत आणलं.