साडेचार महिने

हाटकेश, मीरा रोड

ती. अप्पांना सप्रेम जयभीम,

छातीतली साधी गाठ काढली, असं मी फोनवर सांगितलं ते खोटं होतं. गाठ कॅन्सरची होती. तुम्हाला पत्रं समाधानदादा वाचून दाखवतो, म्हणून हे पत्र पेटीत टाकायची हिंमत मला होणार नाही.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, वरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून वेगळ्या असतात. तुमच्या गाठीत कोणती जीन्स जोरात काम करतायत ते लॅबवाले बघतील. त्यावरून कॅन्सरचा प्रकार कळेल, आणि तो परत यायची शक्यता किती, तेही."

आज दुपारी रिपोर्ट मोबाइलवर आला. उघडायला जन्मतारीख लागते. मी पंधरा ऑक्टोबर टाकली, दीक्षादिनाच्या दुसऱ्या दिवसाची, आई सांगायची ती खरी. उघडला नाही. अप्पा, मला हायसं वाटलं. मी परत तीच टाकली. तीनदा.

गणेश म्हणाले, "अगं, आधारवरची टाक ना."

मी म्हटलं, "बॅटरी संपत आलीय."

आधारवर एक जून आहे. मला सहा पूर्ण नाहीत म्हणून गुरुजी परत पाठवत होते, तेव्हा तुम्ही ती तारीख ठोकून दिलीत. शाळेसाठी मी साडेचार महिन्यांनी मोठी झाले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आता एकच्या आकड्यावर अंगठा धरून बसलेय आणि तो दाबवत नाहीये. अप्पा, तेव्हाचे ते साडेचार महिने मला परत द्या ना.

तुमची,
संध्या