मोगरीच्या नावाची सुई

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
खारूनकाठ पशुसेवा केंद्र, रायपूर.

विषय : कागदावर मेलेल्या, पण घरी जिवंत असलेल्या बकरीला लस मिळण्याबाबत.
संदर्भ : केंद्राचा मोबाइलवरील संदेश, 'मोगरी हिची लस बाकी आहे.'

महोदय,

साहेब नागपूरकडचे असल्याचे कळल्यावरून हा अर्ज मराठीत केला आहे.

१. अर्जदार वनमाला बाबाराव ठोंबरे हिच्याकडे मोगरी व टिकली अशा दोन बकऱ्या होत्या. त्यांच्या पिलांवरच तिचे घर चालते.

२. पोळ्याच्या सुमारास मोगरी पिले पोटात असतानाच मेली. मेल्याची नोंद व्हायला तिच्या कानातला नंबरचा बिल्ला केंद्रात जमा करावा लागतो. परंतु पोटुशी मेलेलीचा कान कापू नये, तिला अखंड मातीत द्यावे, असे अर्जदाराच्या सासरी मानतात. टिकलीचा बिल्ला आधीच गळून कोनाड्यात पडला होता. अर्जदाराने तोच नेऊन दिला. बिल्ला तो बिल्ला, असे तिला वाटले. तिने अक्कल गहाण ठेवली होती, हे ती कबूल करते.

३. परिणामी कागदावर टिकली मेली आणि मोगरी जिवंत राहिली. लस टोचणाऱ्या यामिनीदीदी रजिस्टर पाहून म्हणाल्या, "काकू, हे तं मेलेली आहे ना! मेलेलीले सुई कशी टोचू? मोगरीले आणा." मग त्यांनी अंगणात उभ्या राहून मोगरीला मोठ्याने हाका मारल्या. टिकली चारा सोडून निघाली आणि मोगरीला पुरले त्या बोरीखाली जाऊन उभी राहिली. जमीन उकरून खरा बिल्ला आणा, असे केंद्रातील बाबूंनी सुचवले. अर्जदार दोनदा कुदळ घेऊन गेली आणि तशीच परतली.

४. शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बकऱ्यांचा रोग शिरला असून आठवड्यात चार दगावल्या. टिकली गाभण आहे. सबब अर्जदाराने हात टेकले आहेत. सुई मोगरीच्याच नावाने द्यावी, टिकली हे नाव ती पुन्हा काढणार नाही. सवय व्हावी म्हणून काल सकाळी तिने टिकलीला मोगरी म्हणून हाक मारली. स्वतःच्या नावाला ही बया तीन हाकांशिवाय कधी वळली नाही. काल पहिल्याच हाकेला आली आणि मोगरी करायची तशी अर्जदाराचा पदर चावत उभी राहिली.

तेव्हापासून तिच्या अंगाला हात लावायची अर्जदाराला भीती वाटते. तरी साहेबांनी स्वतः येऊन सुई टोचावी आणि ती जिवंत आहे, एवढे अर्जदाराला तोंडाने सांगावे.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
वनमाला बाबाराव ठोंबरे
रायपूर, दि. १८ जानेवारी २०२५