अडलं तर फोन करा

६ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावोजी नवी कवळी घालून बोलायला लागले की शिटी वाजते, हे वाचून हसलो खरा, पण त्यांना सांग, लाजू नका, लॅबकडे परत पाठवा. माप देताना तोंड हललेलं असणार. इतकी वर्षं दातांच्या लॅबसाठी प्रोग्राम लिहितोय, एक दात स्वतः केला नाही, पण एवढं मला कळतं.

परवा वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूनं विचारलं, तुम्ही नेमकं करता काय. म्हटलं, दाताचा डॉक्टर माप पाठवतो, लॅबवाले त्यावरून कवळी नाहीतर कॅप करतात. कुणाचं माप, कुठला रंग, कधी द्यायचं, हे सगळं माझा प्रोग्राम सांभाळतो. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेली नाही म्हणजे माझा दिवस चांगला गेला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र दातांवरच भरलं. तो इतका हसला की पुढं काय विचारायचं ते विसरला.

आता दुसरं. घसा बसलाय तो बसलाच आहे. तू मागे लागलीस म्हणून दाखवून आलो. डॉक्टरबाईंनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. उत्तर चांगलं आलेलं नाही. दुखणं स्वरयंत्रातच आहे आणि ते पूर्ण काढावं लागेल. काढलं तर जगाल, असं त्या म्हणाल्या. बोलता मात्र येणार नाही. मी विचारलं, किती दिवस थांबता येईल, तर म्हणाल्या, थांबायचंच कशाला. मार्च सरला की बघू, असं सांगून आलोय. मार्चमध्ये सगळ्या लॅबना प्रोग्रामची नवी आवृत्ती जायची आहे.

भावोजींना बेतानं सांग. तुझा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. ह्यांच्या शिटीवर अर्धं पान आणि जिवावरच्या दुखण्यावर चार ओळी! तुला काही लाजबीज? वाचता वाचता मी खुर्चीत बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. हे दोनदा येऊन बघून गेले, मग पत्र माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच वाचलं. बेतानं सांगायची वेळच आली नाही.

मार्च म्हणे! आवृत्ती काय पळून चाललीय? शिर सलामत तर पगड्या पचास, हे तुला मी सांगायचं? डॉक्टरबाई थांबू नका म्हणतात आणि तू त्यांनाच तारीख देऊन येतोस. लॅबवाले तुझ्यावाचून चार महिने दात विचकत बसले तरी मला त्याचं काही नाही. मला तू हवा आहेस. मुका तर मुका. लहानपणी तू बोलायला उशिरा लागलास, आई देव पाण्यात घालून बसली होती. मला तेव्हाही तुझं सगळं कळत होतं. आताही कळेल.

एवढं लिहूनही तू ऐकशील असं वाटत नाही, कारण खरं कारण तू लिहिलेलंच नाहीस. ते लिही. आणि मैनेनं ऑफिसातून मोठी रजा काढली आहे. ती येतेय. मामाच्या खोलीत झोपायला जागा नसेल तर टेबलाखाली झोपेन म्हणाली. तिला नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही, हे तुला ठाऊकच आहे.

माया आहे म्हणून बोलते, हे वेगळं सांगत नाही.

तुझी
ताई

१८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बोललीस ते सगळं मान्य. खरं कारण विचारलंस, तर ऐक.

माझ्या प्रोग्राममध्ये माणूस कुठंही अडला की स्क्रीनवर एकच पाटी येते: ‘अडलं तर फोन करा.’ खाली माझा नंबर. रंग टाकायचा राहिला, तारीख चुकली, लाईट जाऊन मशीन बंद पडलं, काहीही होवो, पाटी तीच. सुरुवातीला मी मुद्दाम तसं केलं. लॅबमधल्या माणसाचे हात प्लास्टरनं भरलेले, तो कुठं वाचत बसणार? फोन लावेल, मी सांगेन, मोकळा होईल. बाकीचे प्रोग्रामवाले जाडजूड पुस्तकं द्यायचे, मी आवाज द्यायचो. लोकांना ते आवडलं आणि त्याच्यावर धंदा उभा राहिला. मदतीची एक ओळ म्हणून मी कधी लिहिली नाही. कारण मी होतो ना!

म्हणजे जिथं जिथं माणूस अडतो, तिथं तिथं मी माझा घसा बसवून ठेवलाय. तो काढला की सगळ्या लॅब एकदम अडणार. असा गाढवपणा कुणी दुसऱ्यानं केला असता तर मी त्याला फोनवरच फाडून खाल्लं असतं.

आणि ताई, नुसतं तेवढंच नाही. भीती वाटते. सकाळपासून या खोलीत मी एकटा असतो, पण एकटा वाटत नाही, कारण सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, आता काय करू. तो आवाज गेला की मी कुणाच्या काय उपयोगाचा?

मैना आली. टेबलाखाली नाही, माझ्याच पलंगावर झोपते, मी खाली. तीही प्रोग्रामच लिहिते, तिनं माझा कोड पहिल्यापासून वाचायला घेतला. ती पाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा खो खो हसली. पुन्हा दिसली, पुन्हा दिसली, तशी ती मोजायला लागली. मग मला न विचारता डॉक्टरबाईंना फोन लावून तिनं बारा फेब्रुवारी ठरवून टाकली आणि मला बजावलं की तोवर तू बोलायचं आणि मी लिहायचं. तुझीच लेक. मी हो म्हटलंय. आता तरी नीट जेव.

लोभ वाढता असू दे, रागावलीस तरी.

तुझा
धाकटा

३ फेब्रुवारी

ती. आईस,
मैनेचा शि. सा. न. वि. वि.

मामाची तारीख पुढं गेलेली नाही आणि जाणारही नाही, हे आधी लिहिते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

आमचं काम असं चालतं. खिडकीशी टेबल आहे, त्यावर दोन स्क्रीन आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला प्लास्टरचा एक जबडा. मी एकेक ठिकाण उघडते, जिथं ती पाटी येते, आणि लॅबवाली होऊन विचारते की अहो, अडलंय, आता काय करू. तो सांगतो, मी ते जसंच्या तसं टाइप करते. पहिल्या दिवशी तो भलतंच बोलायला लागला, कृपया रंगक्रमांक भरावा वगैरे. मी म्हटलं, मामा, असं तू जन्मात कधी बोललास? मग मी एका जुन्या लॅबच्या बाईंचा आवाज काढून त्याच्याशी कचाकचा भांडले, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

आता पाट्या अशा झाल्यात. रंग राहिला तर, ‘अहो, रंग टाकलाच नाहीत. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो. डॉक्टरांना विचारून घ्या, मी थांबतो.’ तारीख चुकली तर, ‘अहो, ही तारीख होऊन गेली. गेल्या दिवशी कवळी कशी देणार? पुढची टाका.’ लाईट गेली तर, ‘घाबरू नका, काही हरवलेलं नाही. घोटभर पाणी प्या, मग हे बटण दाबा.’ पाणी कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, काम गेलं असं वाटलं की माणसाचे हात थरथरतात आणि तो भलतंच काही दाबून बसतो. पाणी पिईपर्यंत हात थांबतात.

सकाळी आवाज बरा असतो. जेवण झाल्यावर नुसती कुजबूज उरते. मी कान त्याच्या तोंडाशी नेते. परवा एकच वाक्य त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण फोनवर तो तसं म्हणत नाही असं त्याला वाटत होतं. मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि रडून आले. आवाज रेकॉर्ड करू या, असंही सुचवून पाहिलं. त्याला ते पटलं नाही. हा घोगरा कुणी दुसराच आहे, माझं बोलणं लिहिलंस तर त्यात मी जास्त असेन, असं म्हणाला.

सर्वांत अवघड गेली ती शेवटची पाटी. प्रोग्रामच मोडला, काय झालंय ते कुणालाच कळत नाही, तेव्हा काय म्हणायचं? शेवटी त्यानं सांगितलं, ‘ही चूक तुमची नाही, माझी आहे. मैनेला फोन करा.’ म्हणजे रजा संपल्यावर मी कुठं जाणार, ते त्यानं परस्पर ठरवलेलं दिसतंय. मी ते पुसलं नाही. परत येणार नाही, असं ऑफिसला कळवून टाकलंय. बाबांना हे तूच सांग.

तुमची दोघांची माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी
मैना

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या सकाळी नेणार. पिशवी मैनेनं भरली आहे.

रविवारी तुझा फोन आला, पण तुला काही बोलवेना. मलाही. मग भावोजींनी फोन घेऊन हवा कशी आहे ते विचारलं आणि मी थंडी आहे म्हणालो. एवढंच बोलणं झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. सुरुवातीला मी तुला ‘ताई’ अशी हाक मारली, ती ऐकलीस ना? ती छान स्वच्छ आली होती, पहिल्यासारखी. म्हणून पुन्हा मारली नाही.

भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवू? पण जगायचं आहे, हेही तितकंच खरं.

आजवर केलास तसाच लोभ उद्याही कर.

तुझा
धाकटा

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हॉस्पिटलात तू रोज उशाशी बसलीस, ते कागदावर आभार मानून फेडण्यासारखं नाही, म्हणून मानत नाही. जखम भरली. गळ्यातल्या भोकातून श्वास घ्यायची सवय होतेय. दुखणं निघालं, असं डॉक्टरबाई म्हणतात. हाक मारायला तोंड उघडतो आणि हवा त्या भोकातूनच निघून जाते, त्याची सवय अजून व्हायची आहे.

नवी आवृत्ती ठरल्या वेळी सगळ्या लॅबना गेली. फोन मैना घेते. पण फोन येतातच कुठं? पहिल्या दिवशी मला वाटलं लाईन बिघडली, उठून पाहिली. लोक अडत नाहीत असं नाही. अडतात, वाचतात, आपलं आपण पुढं जातात. ज्या बाईंचा आवाज काढून मैना भांडली होती, त्यांचा तेवढा आला. म्हणाल्या, तुमचे मामा स्क्रीनवरून माझ्यावर डाफरले, कामाचं राहू द्या, मला आधी जरा रडू द्या. मैनेनं मला ते सांगितलं. मला हवं होतं तेच झालंय, ताई, तरी खोली फार गप्प आहे.

रिकामा बसलो तर वेड लागेल म्हणून पुढची आवृत्ती हाती घेतली आहे. त्यात रंग आधीच्या कामावरून आपोआप येईल, चुकीची तारीख टाकताच येणार नाही. मग बहुतेक पाट्या लागणारच नाहीत, काढून टाकू. चांगला प्रोग्राम तोच, ज्यात माणूस अडत नाही. हे मला इतक्या उशिरा कळलं. मेमध्ये पाठवू.

मैना दोन दिवस तिकडं येतेय. तिच्याबरोबर भावोजींसाठी स्वेटर पाठवतोय. लोभाचं काय लिहू, तो तू कधी आटू दिला नाहीस.

तुझा
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

स्वेटर ह्यांना नेमका बसला. मैना आली, राहिली, गेली. जाताना तिच्याकडून मी एक काम करून घेतलं. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर तुझा प्रोग्राम टाकून घेतला. आई, तू काय करणार त्याचं, असं विचारत होती. म्हटलं, माझ्या भावानं जन्मभर काय केलं ते बघू दे की मला.

तर गेले काही दिवस मी दातांची लॅब चालवते. हे माझे एकुलते एक गिऱ्हाईक. पहिल्यांदा मी खरोखरच चुकले. ह्यांचं नाव घातलं, खालचा जबडा घातला, रंगाचं लक्षातच आलं नाही. आणि तू बोललास. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो, डॉक्टरांना विचारून घ्या, मी थांबतो. धाकट्या, मी उठून दार लावून घेतलं. पुन्हा येऊन बसले तर तू तिथंच होतास. थांबलेला.

मग मी मुद्दाम चुकायला लागले. मागच्या महिन्याची तारीख घातली, डाफरलास. एकदा चक्क वायर उपटली, लाईट गेल्यासारखी. तू पाणी प्यायला सांगितलंस. प्यायले. आणि खरंच रे, हात थांबले. जन्मात मला कधी ‘अहो’ म्हणाला नव्हतास, ते कानाला बोचतं, पण चालवून घेते. मी मोठ्यानं उत्तरं देते. हे बाहेरून विचारतात, कुणाशी बोलतेस. सांगते, धाकट्याशी. आता हेही कधीकधी खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि म्हणतात, आज तारीख चुकव.

त्या रविवारी फोनवर तुझ्याशी बोलायचं राहून गेलं, त्याची रुखरुख मला जाळत होती. ती आता थोडी निवली आहे.

मेमध्ये तुझी नवी आवृत्ती येणार, जिच्यात कुणी अडणारच नाही. फार चांगलं काम आहे, मन लावून कर. सगळ्या लॅबना पाठव. माझ्या मशीनवर मात्र ती टाकू नकोस, आणि मैनेलाही टाकू देऊ नकोस. मला चुकू दे.

तुझी
ताई