तलावाच्या बोर्डावरची ती ओळ

२ फेब्रु., सोम.
वळसंगकडे, सासुरवाडीला. दुष्काळात गावच्या माणसांनी माती वाहून बांधलेल्या तलावावर माहितीचा बोर्ड लागणार. मजकूर मी लिहायचा, खाली माझं नाव. मेव्हणा सरपंच आहे, पण वशिला नव्हे. ह्या तलावावर माझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही. कॉलेजचं तोंड न बघता, जळालेल्या मोटारी भरायचं, रिवायंडिंगचं दुकान सांभाळून. कौतुक माझंच, लिहितोयही मीच. असू दे.

११ फेब्रु., बुध.
चौथा खर्डा. इंग्रज गव्हर्नरानं मजुरांचं धान्य तोडलं, माणसं भरावावरच मेली, सगळं आलं. एक ओळ नवी: ह्याच साहेबानं आधी दुसऱ्या प्रांतातल्या दुष्काळात लोकांना पोटभर घातलं होतं, अन् फार खर्च केला म्हणून वरच्यांची बोलणी खाल्ली होती. इतकी वर्षं त्याला नुसता राक्षस म्हणत आलो. आता कळलंय तर लिहायलाच हवं.

१७ फेब्रु., मंगळ. अमावास्या.
आज गावात घरटी अर्धी भाकरी भरावावर ठेवतात, अर्ध्या पोटी मेलेल्यांसाठी. मेव्हण्यानं तिथंच मजकूर वाचला.
"दाजी, साहेबाची वकिली कवापासनं घेतली?"
"वकिली कसली? खरं आहे ते."
"आसंल की. पर आमच्या बोर्डावर न्हाय. मोटारी भरा तुमी, त्याचं पाप धुऊ नका."
सगळे हसले. तेवढी ओळ काढली तर उद्याच रंगवतो म्हणे. नाही म्हणालो.

१८, बुध.
हिनं भाकरी थापता थापता ती ओळ परत वाचायला लावली.
"म्हंजे पोटभर घालायचं त्याला ठावं होतं. तरी आमच्या मान्सांचं तोडलं. कशापायी, तर परत बोलणी नकोत म्हणून?"
"तसंच दिसतंय."
"मग पाप कमी कुटं झालं? वाढलं की वो!"
एवढं वाचून मला हे… असो. भावाला फोन तिनंच लावला. लई भांडली.

२२, रवि.
ग्रामसभा. निम्मे ओळ ठेवा म्हणतात, निम्मे नको. उभा राहून म्हणालो, माझं नाव काढा, ओळ ठेवा.
मेव्हणा बघतच राहिला. "नावासाठी जीव टाकत होता की, दाजी!"
व्हय, म्हटलं. टाकत होतोच.
निकाल नाही.
आत्ता पेंटरचा फोन. बाकी मजकूर झाला, त्या ओळीपुरती जागा सोडलीय. "खाली नाव घालू का, मालक?"
ओळ आली नाही तर त्या अर्धवट मजकुराखाली माझं नाव नको, म्हणालो. आली तर गावाला विचार, मी तर सभेत नाव सोडलंय.